पेपा पिग आणि पालकांची वीस वर्षांची कुरकुर

तीन-चार वर्षांच्या मुलांचे आईबाबा एकत्र जमले आणि 'पेपा पिग' या डुकराच्या पिल्लाच्या ब्रिटिश कार्टूनचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, मारामारी नाही, आरडाओरडा नाही, पोर हसत बघतं, बघू दे की. दुसऱ्या बाजूला त्या आगाऊ पोरीचा आवाजही घरात नको असतो. हा वाद मालिकेइतकाच जुना आहे. फक्त दर काही वर्षांनी त्याचं कारण बदलत गेलं.

३१ मे २००४ रोजी ब्रिटनच्या चॅनल फाइव्हवर पेपा पहिल्यांदा दिसली. नेव्हिल अ‍ॅस्ली, मार्क बेकर आणि फिल डेव्हिस या तिघांची ही निर्मिती. पाच मिनिटांचा भाग, लहान मुलाने काढावं तसं सपाट चित्र, आणि आई, बाबा, पेपा, धाकटा जॉर्ज असं तेव्हाचं चौकोनी कुटुंब. पहिल्याच भागात पाऊस थांबतो, दोघं भावंडं चिखलाच्या डबक्यात उड्या मारतात आणि बरबटून घरात येतात. बाबा रागावत नाही. 'चिखलच तर आहे' म्हणतो, आणि मग सगळं कुटुंब डबक्यात उतरतं. काही पालकांना हेच आवडलं, काहींना नेमकं हेच खटकलं.

सुरुवातीच्या तक्रारी मात्र चिखलाच्या नव्हत्या, सीटबेल्टच्या होत्या. पहिल्या दोन पर्वांत हे कुटुंब लाल गाडीतून पट्टा न लावता फिरायचं. पालकांनी पत्रं लिहिली आणि निर्मात्यांनी ऐकलं. पुढच्या भागांत पट्टे आलेच, शिवाय जुनी दृश्यंही पुन्हा रेखाटून घेतली. सायकलवरच्या हेल्मेटचंही तसंच झालं. बालमालिकांच्या जगात इतकी तत्परता विरळाच.

ऑस्ट्रेलियात प्रकरण कोळ्यावर गेलं. एका भागात पेपा कोळ्याला घाबरते, तेव्हा बाबा समजावतो की कोळी एवढासा असतो, तो काही करत नाही. मग त्याला बाहुल्यांच्या पलंगावर निजवायचं, चहा पाजायचा, असा खेळ रंगतो. ब्रिटनमध्ये यात वावगं काहीच नाही. पण सिडनीच्या परसात फनेल-वेब कोळी निघतो आणि त्याचा दंश जिवावर बेतू शकतो. तिथल्या एबीसी वाहिनीने २०१२ मध्ये हा भाग काढून टाकला. २०१७ मध्ये तो दुसऱ्या एका वाहिनीवर लागला, पुन्हा तक्रार आली, पुन्हा बंद झाला. ही तक्रार मला पूर्ण रास्त वाटते. आपल्याकडे एखाद्या कार्टूनने फुरशाला दूध पाजायला शिकवलं, तर कोकणातली कुठलीही आजी टीव्हीच बंद करेल.

त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात, म्हणजे त्यांच्या वार्षिक थट्टेच्या अंकात, एका डॉक्टरबाईंनी लेख लिहिला. पेपाच्या गावचे डॉक्टर ब्राउन बेअर किरकोळ पुरळासाठीही लगोलग घरी धावतात आणि आपसूक बऱ्या होणाऱ्या दुखण्याला औषध पाजतात. मग खऱ्या दवाखान्यात पालकांच्या अपेक्षा का वाढू नयेत? लेख गंमतीचा होता, पण वृत्तपत्रांनी तो चांगलाच उचलून धरला.

हे सगळं दाखवता येण्यासारखं होतं: पट्टा नाही, कोळी आहे, औषध दिलं. खरी कुरकुर होती ती स्वभावाची, आणि ती मात्र वर्षानुवर्षं तशीच राहिली. पेपाला शीळ वाजवता येत नाही. ती मैत्रीण सूझीला फोन करून विचारते, तुला येते का? सूझी सहज वाजवून दाखवते आणि पेपा एक शब्द न बोलता फोन आपटते. मोठी माणसं हे बघून खो-खो हसतात. चार वर्षांचं मूल हसतं आणि दुसऱ्या दिवशी करूनही बघतं. त्यात बाबा हे कायमचं गिऱ्हाईक. फोटो लावायला खिळा ठोकतो तर भिंतीला भगदाड पाडतो. त्याच्या सुटलेल्या पोटावरून तर बायको-पोरं सगळेच बोलतात. आजी-आजोबांसमोर नातीने हेच आपल्या बाबाला ऐकवलं की मराठी घरात काय होतं, ते वेगळं सांगायला नको. त्यावर खुलासा कोणाकडे मागणार?

मुलं काय उचलतील याचा नेम नसतो, हे अमेरिकेत दिसलं. करोनाच्या टाळेबंदीत घरात अडकलेली तिथली पोरं पेपा बघून बघून 'मॉम' सोडून ब्रिटिश ढंगात 'मम्मी' म्हणायला लागली, 'टोमेटो'चा 'टोमाटो' झाला. २०२१ मध्ये वृत्तपत्रांनी यावर रकाने भरले. न्यू जर्सीतल्या मराठी आईला यात नवल काय वाटावं? तिच्या घरी 'मम्मी' आधीपासून होतीच.

या वादाला नवं वळण दिलं ते 'ब्लुई'ने. ब्रिस्बेनमध्ये तयार झालेली ही मालिका १ ऑक्टोबर २०१८ रोजी एबीसीवर सुरू झाली. तिचा कर्ता जो ब्रम याच्या मनात मुळात पेपासारखीच, पण ऑस्ट्रेलियन मालिका होती. तिच्यातला बाबा, बॅन्डिट, वेंधळा नाही. तो मुलींबरोबर तासन् तास खेळतो. तुलना सुरू झाली आणि पेपाच्या विरोधकांना बोट दाखवायला जागा मिळाली. आता कुरकुर उलट्या दिशेनेही ऐकू येते: ऑफिसातून थकून आल्यावर इतकं कोण खेळतं? माझं मत विचाराल तर घरात एक वेंधळा बाबा दिसलेला बरा, निदान खऱ्या बाबांना धीर येतो.

आणि मग २०२३ मध्ये ब्लुईच्याही एका भागावर ओरड झाली. बॅन्डिट वजनकाट्यावर उभा राहतो, पोटाची वळी चिमटीत धरतो, वैतागतो. मुलांना आपल्या शरीराची लाज वाटायला लावू नका, असं पालक आणि तज्ज्ञ म्हणाले. काही दिवसांतच एबीसीने तेवढा तुकडा कापून भाग नव्याने दाखवला. पेपाच्या बाबाचं पोट मात्र २००४ पासून चेष्टेला आहेच, आणि त्या जुन्या भागांत नव्याने रेखाटले गेले ते फक्त सीटबेल्ट आणि हेल्मेट.