खाल्लेलं अंगी लागतं तेव्हा

आजच्या दक्षिण कोरियात १८९६ साली जन्मलेल्या स्त्रियांच्या तुलनेत १९९६ साली जन्मलेल्या स्त्रिया सरासरी वीस सेंटीमीटर उंच निघाल्या. इराणी पुरुषांनी याच काळात साडेसोळा सेंटीमीटरची भर घातली. ही आकडेवारी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दोनशे देशांच्या एका मोठ्या अभ्यासातली आहे. शंभर वर्षांत जनुकं काही एवढी बदलत नाहीत. बदललं ते जेवण, पिण्याचं पाणी आणि बालपणातल्या आजारपणांचं प्रमाण. उलटी गंगाही वाहू शकते, हेही त्याच अभ्यासात दिसतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या काही देशांत १९७०नंतर सरासरी उंची चक्क घटली.

‘उंची आईबापांवर जाते’ हे खोटं नाही, पण ते अर्धंच खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या साडेआठ हजारांच्या आसपास मुलांची वाढ मोजली. निवडलेली मुलं अशी, की ज्यांना आईचं दूध मिळालं होतं, घरात खायची ददात नव्हती आणि आई धूम्रपान करत नव्हती. वंश वेगळे, हवामान वेगळं, जेवणाच्या तऱ्हा वेगळ्या, तरी पहिल्या पाच वर्षांत या मुलांच्या उंचीच्या रेषा जवळजवळ एकावर एक पडल्या. बाळाच्या वाढीचे जे तक्ते आज जगभरातले डॉक्टर वापरतात, ते २००६ साली याच मोजमापांतून तयार झाले. म्हणजे एखाद्या भागातली बहुसंख्य मुलं त्या रेषांच्या बरीच खाली असतील, तर ‘आमच्याकडची माणसं मुळातच बुटकी’ असं म्हणून सुटका होत नाही.

उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांजवळ. तिथे कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. या थरातल्या पेशी विभागतात, फुगतात आणि मागे राहिलेल्या भागाचं हाड होत जातं. वाढा, हा निरोप मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी ग्रोथ हॉर्मोनच्या रूपात पाठवते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. मधला दलाल मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे यकृत. ग्रोथ हॉर्मोन पोहोचल्यावर यकृत आयजीएफ-१ नावाचं दुसरं संप्रेरक तयार करतं आणि हाडांपर्यंतचं बरंचसं काम त्याच्यामार्फत होतं. पण यकृत हुकुमाचं ताबेदार नाही. प्रथिनं आणि ऊर्जा पुरेशी येत आहे का, हे ते आधी पाहतं. कुपोषित मुलांच्या रक्तात ग्रोथ हॉर्मोन भरपूर, प्रसंगी नेहमीपेक्षा जास्तच सापडतं, आणि आयजीएफ-१ मात्र तळाला गेलेलं असतं. वरून आदेश येत राहतात, खाली काम बंद. वारंवार होणारे जुलाब आणि ताप हेही आयजीएफ-१ खाली खेचतात, त्यामुळे अन्नाबद्दल बोलताना स्वच्छ पाण्याचा विषय टाळता येत नाही.

पोट भरलेलं असूनही वाढ कशी खुंटते, याचं मला सर्वांत बोलकं वाटणारं उदाहरण इराणमधल्या शिराझ शहरातलं आहे. १९५८ साली तिथे काम करणाऱ्या डॉ. आनंद प्रसाद यांच्यासमोर एक रुग्ण आला. वय २१, पण दिसायला दहा वर्षांचा मुलगा. दाढी-मिशांचा पत्ता नाही, वयात आल्याची एकही खूण नाही, रक्त अतिशय कमी, यकृत आणि प्लीहा वाढलेली. खाणं विचारलं तर मुख्यतः न आंबवलेल्या पिठाचा ब्रेड, मांस जवळजवळ नाही, आणि वर माती खायची सवय. असे रुग्ण पुढे आणखी सापडत गेले. रक्तक्षयाचं कारण लोहाची कमतरता, हे उघड होतं. पण नुसत्या लोहाच्या कमतरतेने माणूस वयात यायचा राहत नाही. प्रसाद यांनी जस्तावर, म्हणजे झिंकवर बोट ठेवलं. जस्ताअभावी प्राण्यांची वाढ थांबते हे माहीत होतं, पण माणसाला त्याची कमतरता पडू शकते हे त्या काळी कुणी मानायला तयार नव्हतं. पुढे इजिप्तमध्ये त्यांनी तशाच रुग्णांचा अभ्यास केला. ज्यांना जस्त दिलं त्यांची उंची वर्षभरात १२ ते १५ सेंटीमीटर वाढली आणि ते वयातही आले. नुसतं लोह किंवा नुसता चांगला आहार मिळालेले त्यांच्यापेक्षा मागे राहिले. एवढं होऊनही अमेरिकेत जस्ताचा समावेश आवश्यक पोषकद्रव्यांत व्हायला १९७४ साल उजाडलं.

यातली खरी मेख अशी, की त्या ब्रेडमध्ये जस्त नव्हतं असं नाही. कोंड्यासकटच्या धान्यात जस्तही असतं आणि लोहही असतं. पण त्याच कोंड्यात फायटेट नावाचं एक द्रव्य असतं, ते या धातूंना असं घट्ट धरून ठेवतं की आतड्याला ते शोषता येत नाहीत. तोंडातून गेलं, शरीरातून प्रवास केला आणि बाहेर पडलं. बी रुजताना किंवा पीठ यीस्टने आंबताना फायटेज हे विकर फायटेटचे तुकडे करतं आणि अडकलेले धातू सुटे होतात. धान्य-कडधान्य भिजवणं, मोड आणणं, पीठ आंबवणं या पद्धतींचा पोषणाच्या दृष्टीने हा मोठा फायदा आहे. शिराझच्या त्या रुग्णांच्या ब्रेडमध्ये नेमकी हीच पायरी गाळलेली होती. आता, हे वाचून कुणी कोंडा फेकून द्यायला निघू नये. ज्यांच्या जेवणात विविधता आहे त्यांना फायटेटची भीती बाळगायचं कारण नाही. प्रश्न येतो तो एकाच पदार्थावर दिवस काढणाऱ्यांचा.

लोहाची तऱ्हा अशीच. मांस-मासळीतलं लोह हीम नावाच्या रेणूत गुंफलेलं असतं, ते सहज शोषलं जातं. पालेभाज्या, डाळी, धान्यं यांतलं लोह नखरेल. त्याच्यासोबत क जीवनसत्त्व पोटात गेलं, म्हणजे जेवणावर लिंबू पिळलं किंवा पेरू-संत्रं खाल्लं, तर शोषण चांगलंच वाढतं. उलट जेवणाला लागूनच चहा घेतला तर त्यातली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला अडवतात. तेवढाच चहा तासाभराने प्यायला तर अडथळा बराच कमी होतो. तेच जेवण, तोच माणूस, फक्त घड्याळ थोडं पुढे सरकवलेलं. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर गिळून ‘रक्त काही वाढत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हे करून पाहावं.

प्रथिनांचं गणित तुलनेने सोपं. नऊ अमिनो आम्लं शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. धान्यांत लायसिन कमी, डाळींत मेथिओनिन कमी, आणि एकाची उणीव दुसरं भरून काढतं. दोन्ही एकाच घासात हवीत असं मुळीच नाही, दिवसभरात मिळाली तरी चालतं. दूध आणि अंडी यांत नऊही पुरेशा प्रमाणात असतात, म्हणून लहान मुलांच्या आहारात थोड्या दुधा-अंड्यानेही मोठा फरक पडतो.

लहान मुलांचा उल्लेख आलाच आहे तर त्यांच्या मेंदूची भूक सांगायला हवी. पाच वर्षांच्या आसपास मूल दिवसभरात जेवढी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा एकटा मेंदू घेतो, असा अंदाज २०१४ सालच्या एका अभ्यासात निघाला. मेंदूची मागणी टिपेला असते तेव्हाच शरीराची वाढ मंदावलेली असते. आधी मेंदू, मग उंची, असा हा क्रम. त्यात या वयाचं पोट लहान. तीन वेळच्या मोठ्यांच्या जेवणात या मुलांची गरज भागत नाही, मधे दोनदा काहीतरी सकस द्यावं लागतं.

आहाराबद्दलची विधानं पारखून घ्यावीत असं मी सांगतो, तेव्हा मला हमखास आठवतो तो १९३० सालचा स्कॉटलंडमधला लॅनार्कशरचा दूध-प्रयोग. वीस हजार शाळकरी मुलं, त्यांतल्या दहा हजारांना रोज पाऊण पाइंट दूध, उरलेल्यांना नाही. फेब्रुवारीत वजन-उंची घेतली, जूनमध्ये पुन्हा घेतली. आकडा एवढा अवाढव्य, की निष्कर्षावर शंका घेण्याचं कारणच दिसू नये. पण ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम गॉसेट या संख्याशास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी त्याची चिरफाड केली. मुलं निवडताना शिक्षकांना थोडीफार अदलाबदल करायची मुभा होती, आणि त्यांनी माणुसकीला जागून दूध हडकुळ्या, गरीब मुलांच्या वाट्याला जास्त जाईल असं पाहिलेलं दिसत होतं. शिवाय वजन कपड्यांसकट घेतलं होतं. थंडीतले जाड कपडे उन्हाळ्यात उतरले, ते खात्यापित्या घरच्या मुलांच्या अंगावरून जास्त उतरले, कारण थंडीत त्यांच्याच अंगावर ते जास्त होते. दुधाने किती वाढ झाली आणि कपड्यांनी किती घट दाखवली, हे वेगळं काढणं कठीण होऊन बसलं. दूध वाया गेलं असं नाही, पण प्रयोगाचा बराचसा उपयोग वाया गेला.

माणसांनी निवड केली की अभ्यास असा वाकडा होतो. कधीकधी मात्र निवड तारखेने होते, आणि अशी संधी संशोधक सोडत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सुरू झालेलं साखरेचं रेशनिंग ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९५३मध्ये उठलं आणि साखरेचा खप बघता बघता जवळपास दुप्पट झाला. त्या तारखेच्या थोडं आधी आणि थोडं नंतर जन्मलेल्या मुलांत एरवी फारसा फरक नव्हता. पण आधीच्यांना गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत साखर कमी मिळाली. अशा सुमारे साठ हजार माणसांचे पुढच्या आयुष्यातले आजार तपासले गेले, आणि २०२४ साली निष्कर्ष आले. कमी साखरेच्या काळात ज्यांचे हे पहिले हजार दिवस गेले, त्यांच्यात टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता. ज्यांना हे आजार झाले त्यांनाही ते काही वर्षं उशिरा झाले. बाळाच्या वरच्या खाण्यात साखर घालू नये, हा सल्ला ज्यांना वैद्यकीय खडूसपणा वाटतो त्यांच्यासाठी याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही.

मोठ्यांवरचा तेवढाच काटेकोर प्रयोग २०१९ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये झाला. वीस जणांना चार आठवडे तिथेच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, कारखान्यातून येणारं अन्न दिलं, आणि दोन आठवडे साधं शिजवलेलं. वाढलेल्या जेवणातले उष्मांक, साखर, मीठ, मेद, तंतू सारखेच ठेवले. किती खायचं ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. कारखान्यातल्या अन्नाच्या दिवसांत माणसं रोज पाचशेच्या आसपास उष्मांक जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन सरासरी जवळपास एक किलो वाढलं, आणि साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. मऊ अन्न भरभर खाल्लं जात होतं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोहोचेपर्यंत ताट रिकामं होत होतं, हे एक संभाव्य कारण.

वाढीची शेवटची मोठी संधी किशोरवयात येते. त्यानंतर लैंगिक संप्रेरकांच्या, विशेषतः इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली ग्रोथ प्लेट बंद होते, मुलग्यांतही. मग कुठलंही ‘उंची वाढवणारं’ पेय पिऊन हाड लांब होत नाही, जाहिरात काहीही म्हणो. हाडांतल्या खनिजांचा साठा करण्याचाही ऐन हंगाम हाच. मुलींत साडेबारा आणि मुलांत चौदा वर्षांच्या सुमारास हा वेग सर्वाधिक असतो, आणि प्रौढपणी हाडांत जेवढं खनिज असतं त्याचा चौथा हिस्सा या टोकाच्या आजूबाजूच्या दोनच वर्षांत भरला जातो. दुधाचा पेला बाजूला सारून शीतपेयाची बाटली हातात येण्याचं आणि वजनाच्या धास्तीने जेवण गाळण्याचं वय साधारण तेच असतं.