दारव्हा मोतीबाग आणि ‘इंग्रजांच्या मालकीची’ शकुंतला

यवतमाळ जिल्ह्यातील ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेच्या दारव्हा मोतीबाग स्थानकावर आज गाडी येत नाही. पण ‘ही लाइन अजून इंग्रजांची आहे आणि दरवर्षी इंग्लंडला रॉयल्टी जाते’ हा समज मात्र यवतमाळपासून अचलपूरपर्यंत आजही ऐकू येतो. तो खरा नाही.

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा, अडीच फूट रुंदीचा मार्ग वऱ्हाडातील कापूस मुख्य लाइनपर्यंत पोहोचवण्यासाठी उभा राहिला. त्याची मालकी मुंबईच्या किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी कंपनीने काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीकडे होती, तर गाड्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे चालवीत असे. १९५१ मध्ये जीआयपी मध्य रेल्वेत विलीन झाली, परंतु ही छोटी कंपनी राष्ट्रीयीकरणातून बाहेर राहिली, आणि गैरसमजाचे मूळ नेमके इथेच आहे. रेल्वेशी झालेल्या कराराप्रमाणे लाइनच्या वापराचा जो मोबदला ठरला होता तो या खासगी कंपनीचा होता, ब्रिटिश सरकारचा नव्हे; शिवाय किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीय मालकीत आली.

१९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत इथे धावले, त्यामुळेही हा समज पक्का झाला असावा. पण इंजिन विलायती होते म्हणून रूळ विलायतेच्या मालकीचे ठरत नाहीत. स्थानक ओस पडण्याचा दोष परक्या मालकावर टाकला, की रुळांचे रुंदीकरण इतकी वर्षे का रखडले हा खरा प्रश्न मागे पडतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.