हँडगन परवान्याची मुदत (टेक्सास)

हँडगन (२०१६ पूर्वी केवळ इतरांना दिसणार नाही अशा रीतीने) जवळ बाळगण्याचा परवाना केव्हा संपुष्टात येतो, हे ठरवणारी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या कायद्यातील तरतूद. १८७१ च्या कायद्यापासून या राज्यात पिस्तूल घेऊन फिरण्यास बव्हंशी मनाई होती. किलीन येथील हत्याकांडानंतर (१६ ऑक्टोबर १९९१, २३ बळी) परवान्याच्या मागणीला जोर चढला. या प्रश्नावर सार्वमत घेण्याचे विधेयक गव्हर्नर अ‍ॅन रिचर्ड्स यांनी १९९३ मध्ये नकाराधिकार वापरून रोखले. त्यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी १९९५ मध्ये परवान्याच्या कायद्यावर सही केली.

पहिल्या परवान्याची मुदत ठराविक वर्षांची नाही. परवाना दिल्यापासून चार वर्षे पूर्ण झाल्यावर धारकाचा जो पहिला वाढदिवस येईल, त्या दिवशी तो संपतो. मार्च १९९६ मध्ये परवाना मिळालेल्या दोघांपैकी एप्रिलमध्ये जन्मलेल्याचा परवाना एप्रिल २००० मध्ये संपे, तर फेब्रुवारीत जन्मलेल्याचा फेब्रुवारी २००१ मध्ये. म्हणजे शुल्क तेच, पण मुदतीत दहा महिन्यांचा फरक. नूतनीकरणानंतर पूर्वी चार वर्षे मिळत; २००५ च्या दुरुस्तीने ती पाच झाली. परवाना हरवल्यामुळे दुसरी प्रत घेतली, तरी मूळ तारीख बदलत नाही.

जन्मदिवसाचा निकष बहुधा वाहन परवान्यावरून आला असावा: तोही तेथे वाढदिवशीच संपतो आणि हँडगनचा परवाना देणारे सार्वजनिक सुरक्षा खातेच दीर्घकाळ तो देत आले आहे. पाच वर्षांच्या मर्यादेचे मूळ मात्र संदिग्ध आहे. शस्त्रखरेदीच्या वेळी होणाऱ्या पार्श्वभूमी तपासणीऐवजी राज्याचा परवाना ग्राह्य धरायचा, तर तो गेल्या पाच वर्षांत दिलेला असावा, अशी अट १९९३ च्या संघीय ब्रॅडी कायद्यात आहे. टेक्सासची मुदत या चौकटीत नेमकी बसते. राज्याच्या संबंधित कलमात या अटीचा उल्लेख नाही. तरी हा निव्वळ योगायोग मानणे अवघड आहे. अर्थात हा नियम सार्वत्रिक नव्हे: फ्लॉरिडात मुदत सात वर्षांची आहे, तर इंडियानात आजीव परवानाही मिळतो.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये कायद्याने अपात्र नसलेल्या, किमान २१ वर्षे वयाच्या व्यक्तीला परवान्याविना हँडगन बाळगता येते. परवाना ऐच्छिक झाला असला, तरी वरील तपासणीतील सवलतीसाठी आणि त्याला मान्यता देणाऱ्या इतर राज्यांत त्याची समाप्तीची तारीख अजूनही महत्त्वाची ठरते.

भारतात २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्रपरवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. ती परवाना दिल्याच्या तारखेपासून मोजतात. मुदत संपल्यामुळे बाळगणे बेकायदा ठरलेले शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते.