वलयाला सन कसा मिळतो : वृक्षवलयांवरील एका वादाची पार्श्वभूमी

खोडाच्या छेदावरील वलये मोजणे आणि त्यांतील प्रत्येक वलयाला सन देणे ही दोन वेगळी कामे आहेत. वृक्षवलयांच्या अभ्यासाला शास्त्राचा दर्जा मिळाला तो दुसऱ्या कामामुळे. मोजणारा चुकतो, पण त्याहून अधिक वेळा झाडच त्याला चकवते. कडक अवर्षणात किंवा थंडीत खोडाच्या काही भागात त्या वर्षीचे वलय उमटतच नाही. उलट हंगामाच्या मध्येच वाढ थबकून पुन्हा सुरू झाली, तर एकाच वर्षात दोन वलयांचा भास होतो. म्हणून एकट्या झाडाच्या साक्षीवर येथे कधीच विसंबले जात नाही. एकाच हवामानात वाढलेल्या अनेक झाडांतील रुंद आणि अरुंद वलयांचा क्रम एकमेकांशी ताडून पाहिला जातो आणि ज्या झाडात वलय कमी वा जास्त आहे, ते या ताडणीत उघडे पडते. या पद्धतीला क्रॉसडेटिंग म्हणतात. पुढे ज्या वादाची हकिगत सांगायची आहे, तो या पद्धतीच्या मुळावरच घाव घालणारा होता.

पद्धतीचा जन्म सूर्याच्या अभ्यासातून झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील ॲरिझोना येथे काम करणारा एक खगोलशास्त्रज्ञ सौर डागांच्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राचा माग पाइन वृक्षांच्या वलयांत शोधत होता. सूर्याचा परिणाम पावसावर, पावसाचा वाढीवर आणि वाढीचा वलयाच्या रुंदीवर, अशी त्याची विचारसरणी होती. अपेक्षित चक्र त्याला निर्विवादपणे सिद्ध करता आले नाही. परंतु एकमेकांपासून दूर असलेल्या रानांतील झाडांत अरुंद वलयांचा तोच तो क्रम पुन्हा पुन्हा आढळतो, हे त्याच्या ध्यानात आले. लवकरच पुरातत्त्वज्ञ त्याच्याकडे तेथील मूलनिवासींच्या प्राचीन पुएब्लो वसाहतींतील तुळया घेऊन येऊ लागले.

तेव्हा त्याच्या हाती दोन मालिका होत्या. जिवंत झाडांपासून मागे जाणारी पहिली मालिका तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पोहोचत होती आणि तिच्या प्रत्येक वलयाचा सन ठाऊक होता. दुसरी ५८५ वर्षांची होती, पण ती अधांतरी तरंगत होती: कोणती वसाहत कोणत्या वसाहतीच्या किती वर्षे आधीची हे तिच्यावरून नेमके सांगता येई, मात्र त्यांपैकी एकीचाही सन सांगता येत नसे. दोहोंना जोडणारा दुवा २२ जून १९२९ रोजी शो लो या गावी सापडलेल्या एका अर्धवट जळालेल्या तुळईने दिला. तिचे सर्वांत आतील वलय १२३७ सालचे निघाले आणि त्याच संध्याकाळी दोन्ही मालिका एक झाल्या. मौज अशी की, त्यांच्यात प्रत्यक्षात खंड नव्हताच. त्या एकमेकींवर चढलेल्या होत्या. परंतु ती वर्षे नेमकी १२७६ ते १२९९ या दीर्घ अवर्षणाच्या आसपासची होती आणि त्या काळातील वलये इतकी बारीक व नमुने इतके थोडे होते की, जुळणी झाली असे छातीठोकपणे म्हणण्याचे धाडस झाले नव्हते. ही सावधगिरी मला त्या शोधाहूनही मोलाची वाटते.

मधल्या दशकांचा आढावा थोडक्यात घेता येईल. कॅलिफोर्नियातील ब्रिसलकोन पाइन या दीर्घायुषी वृक्षांची आणि त्यांच्या भोवती पडलेल्या मृत लाकडांची मिळून ७,१०४ वर्षांची सलग मालिका १९६९ पर्यंत तयार झाली. सन ठाऊक असलेल्या वलयांतील कार्बन-१४ (प्राचीन वस्तूंचे वय ज्याच्यावरून काढतात तो किरणोत्सारी कार्बन) मोजल्यावर, वातावरणातील त्याचे प्रमाण सर्व काळ एकसारखे होते हे गृहीतक ढासळले आणि काही ठिकाणी कार्बनवरून काढलेले वय सात-आठशे वर्षांनी कमी पडत होते, हे दिसले. पश्चिम युरोपातील महापाषाण स्मारके त्यामुळे इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी ठरली. आयर्लंडच्या दलदलींतील आणि जर्मनीच्या नदीकाठांतील ओक वृक्षांच्या स्वतंत्र मालिकांनी हा निष्कर्ष पक्का केला. जर्मनीतील मालिका पुढे पाइनच्या साहाय्याने १२,००० वर्षांपलीकडे गेली.

या भरभक्कम पायावर २०१२ च्या आरंभी एक गंभीर आक्षेप आला. मोठ्या ज्वालामुखी उद्रेकानंतर पृथ्वी एक-दोन वर्षे थंड पडते. १२५७ सालचा उद्रेक (तो इंडोनेशियातील लोंबोक बेटावर झाला होता, हे पुढच्या वर्षी समजले) गेल्या काही सहस्रकांतील अतिप्रचंड उद्रेकांपैकी एक होता. हवामानाच्या संगणकीय प्रतिमानांनुसार त्यानंतर तापमान सुमारे २ अंश सेल्सियसने उतरायला हवे होते, पण वलयांवरून काढलेल्या तापमानात त्याच्या निम्मीही घट दिसत नव्हती. काही हवामानतज्ज्ञांनी याचा अर्थ असा लावला की, वृक्षरेषेजवळच्या (जिच्यापलीकडे थंडीमुळे झाडे वाढत नाहीत त्या सीमेजवळच्या) झाडांनी त्या वर्षी वलय धरलेच नाही. एखाद्या झाडाने नव्हे, तर प्रदेशातील एकाही झाडाने नाही.

आक्षेपाची खरी धार या शेवटच्या वाक्यात आहे. एका झाडातील हरवलेले वलय शेजारच्या झाडांमुळे सापडते. पण सर्वांचेच हरवले, तर ताडून पाहायचे कशाशी? तसे घडले असेल, तर १२५७ च्या मागची सर्व वलये एका वर्षाने चुकीची ठरतात आणि प्रत्येक मोठ्या उद्रेकागणिक ही चूक वाढत जाते. मग थंडीचा तडाखा निरनिराळ्या मालिकांत निरनिराळ्या वर्षी नोंदला जाईल आणि सरासरी काढताना पुसट होईल. हा युक्तिवाद सुसंगत होता आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणी नाकारू नये.

तरीही त्याच वर्षी वीसहून अधिक वृक्षवलयतज्ज्ञांनी मिळून दिलेले उत्तर अधिक वजनदार होते, असे माझे मत आहे. सर्वच मालिका वृक्षरेषेवरच्या नाहीत. सखल प्रदेशातील ज्या झाडांची वाढ उबेवर नव्हे तर पावसावर ठरते, त्यांना थंड उन्हाळ्यात वलय गाळण्याचे कारण नाही. शिवाय वलयाच्या रुंदीला आदल्या वर्षांची सावली असते, कारण झाड साठवलेल्या अन्नावरही वाढते. त्यामुळे एका वर्षाचा तडाखा रुंदीत बोथट होऊन अनेक वर्षांवर पसरतो. हंगामाच्या अखेरीस तयार होणाऱ्या गडद लाकडाची घनता मोजली, तर तोच तडाखा योग्य वर्षी आणि ठळकपणे दिसतो. उद्रेकातून किती कण वातावरणात गेले आणि ते केवढे होते, याविषयीचे प्रतिमानांतील अंदाजही ढोबळ होते. म्हणजे दोष झाडांच्या माथी मारण्याआधी प्रतिमाने तपासायला हवी होती.

वादाचा निकाल लागला तो तिसऱ्याच दिशेने. त्याच २०१२ सालच्या जूनमध्ये जपानमधील प्राचीन सीडर वृक्षांच्या वलयांतून असे जाहीर झाले की, ७७४ ते ७७५ या एका वर्षात कार्बन-१४ सुमारे १.२ टक्क्यांनी वाढला होता. सूर्यचक्रामुळे होणाऱ्या नेहमीच्या चढउताराच्या हे जवळपास वीसपट आहे. यामागे सूर्यावरून आलेल्या कणांचा असाधारण झोत असावा, असे आज बहुतेकांचे मत आहे. वातावरणात तयार झालेला कार्बन अल्पावधीत सर्वत्र पसरतो, त्यामुळे ही खूण साऱ्या जगातील झाडांत एकाच वलयावर उमटायला हवी. वृक्षरेषेवरच्या मालिका खरोखरच वर्षे गमावत आल्या असत्या, तर त्यांच्यात ही खूण ७७४ ऐवजी भलत्याच सनाखाली सापडली असती. ९९३ सालची अशीच दुसरी, काहीशी लहान खूणही उजेडात आली. २०१८ मध्ये पाच खंडांतील ४४ ठिकाणच्या वलयांची तपासणी प्रसिद्ध झाली आणि दोन्ही खुणा सर्वत्र अपेक्षित वलयांतच निघाल्या. एक वर्षही हरवले नव्हते.

येथे ‘७७४-७७५’ या जोडसनाचा उलगडा करायला हवा, कारण त्यावरून नाहक गोंधळ होतो. दक्षिण गोलार्धातील वाढीचा हंगाम डिसेंबर-जानेवारी ओलांडतो, म्हणून तेथील एक वलय दोन सनांत विभागलेले असते. त्याला वाढ सुरू झाली त्या सनाचे नाव द्यायचे, असा संकेत आहे. उत्तरेकडील ‘७७४’ आणि दक्षिणेकडील ‘७७४’ यांत त्यामुळे काही महिन्यांचे अंतर पडते. ते अंतर म्हणजे मोजणीतील चूक नव्हे.

चूक निघाली ती दुसऱ्याच ठिकाणी. ग्रीनलंडच्या हिमस्तरांचे कालमापन सुमारे सात वर्षांनी सरकलेले असावे, असे एका वृक्षवलयतज्ज्ञाने २००८ मध्ये सुचवले होते, पण तेव्हा त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. ७७४ ची खूण बेरिलियम-१० च्या (कार्बन-१४ प्रमाणेच अशा कणांमुळे वातावरणात तयार होणाऱ्या पदार्थाच्या) रूपात हिमातही सापडल्यावर त्याचे म्हणणे बरोबर ठरले. २०१५ मध्ये हिमस्तरांचे सन दुरुस्त केले गेले, तेव्हा ज्वालामुखी उद्रेकांतून आलेल्या गंधकाचे थर ५३६ आणि ५४० या सनांवर येऊन बसले आणि सहाव्या शतकातील अतिथंड उन्हाळ्यांच्या वलयांशी त्यांचा मेळ बसला.

एकदा खुणेवर विश्वास बसल्यावर तिचा उपयोग उलट दिशेने करता आला. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरील लाँस ओ मेडोज येथे धातूच्या हत्याराने तोडलेल्या तीन झाडांच्या लाकडांत ९९३ ची खूण सापडली, तेथून सालीपर्यंत २८ वलये भरली आणि युरोपातून आलेल्या दर्यावर्दींनी ही झाडे १०२१ साली तोडली, हे २०२१ मध्ये निश्चित झाले. लाकडावरची साल शिल्लक नसती तर तोडणीचा सन असा नेमका देता आला नसता.

ग्रीसमधील दिस्पिलिओ या सरोवरकाठच्या नवाश्मयुगीन वसाहतीतील लाकडांची ३०३ वर्षांची मालिका अशीच अधांतरी होती, कारण त्या प्रदेशात तिला आजपर्यंत आणून जोडणारी लाकडे मिळालेली नाहीत. इ. स. पू. ५२५९ ची कार्बन-१४ ची खूण तिच्यातील एका वलयात आढळली आणि २०२४ मध्ये तिला इ. स. पू. ५४४२ ते ५१४० हे सन मिळाले. शो लोच्या तुळईसारखा दुवा या वेळी शोधावा लागला नाही.