डाउनलोडसाठी कंटेंट-टाइप खोटा लिहू नका

जावा सर्व्हलेटने (सर्व्हरवर चालून ब्राउझरला उत्तर देणाऱ्या जावा प्रोग्रॅमने) पाठवलेली पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडते. ती डाउनलोड व्हायला हवी असेल तर कंटेंट-टाइप (फाइलचा प्रकार सांगणारा हेडर, म्हणजे उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) ‘ॲप्लिकेशन/फोर्स-डाउनलोड’ द्या, हा सल्ला वर्षानुवर्षे एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात कॉपी होत आला आहे. तो चुकीचा आहे. असा प्रकार अधिकृत यादीत नाहीच. अनोळखी प्रकार दिसला की ब्राउझर फाइल सेव्ह करतो, म्हणून युक्ती लागू पडल्यासारखी वाटते. पण फाइल नेमकी कसली आहे ही माहिती त्यात हरवते.

कंटेंट-टाइप फक्त फाइल काय आहे ते सांगतो. तिचं काय करायचं, हे कंटेंट-डिस्पोझिशन हेडर सांगतो: ‘ॲटॅचमेंट’ म्हणजे सेव्ह करा, ‘इनलाइन’ म्हणजे जमल्यास तिथेच दाखवा. तेव्हा प्रकार खरा, ‘ॲप्लिकेशन/पीडीएफ’ असाच लिहा आणि सोबत ‘ॲटॅचमेंट’ द्या. दोन्ही हेडर पहिला बाइट लिहिण्याआधीच द्या. रिस्पॉन्स कमिट झाल्यावर, म्हणजे उत्तर ब्राउझरकडे जायला लागल्यावर, दिलेले हेडर कंटेनर (सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर) गुपचूप सोडून देतो.

आपल्याला खरा त्रास देतं ते मराठी फाइलनाव. कंटेंट-डिस्पोझिशनमधल्या साध्या ‘फाइलनेम’मध्ये देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हं उमटतात. २०११ च्या आरएफसी ६२६६ या इंटरनेट मानकानुसार तारांकित ‘फाइलनेम*’ वापरून नाव यूटीएफ-८ मध्ये, टक्केचिन्हांनी एन्कोड करून पाठवता येतं. मात्र जावाचा यूआरएल-एन्कोडर स्पेसऐवजी अधिकचिन्ह देतो, त्यामुळे ‘वार्षिक अहवाल’चं ‘वार्षिक+अहवाल’ होतं. एन्कोड केल्यावर त्या अधिकचिन्हाच्या जागी ‘%२०’ घाला. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या आवृत्ती ५ पासून हे काम त्यातला कंटेंट-डिस्पोझिशन बिल्डरच करतो.