दूरस्थ सेशनमध्ये विंडोजचे कमांड-लाइन प्रोग्राम बिघडलेले दिसत असतील तर
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

टर्मिनलची (आज्ञा टाइप करायच्या तुमच्याकडच्या खिडकीची) कोणतीही सेटिंग बदलण्याआधी पडद्यावर नेमके काय दिसते ते नीट पाहा. दोष प्रोग्राममध्ये आहे, सर्व्हरवरच्या कन्सोलमध्ये (प्रोग्रामचा मजकूर हाताळणाऱ्या विंडोजच्या भागात) आहे की तुमच्या समोरच्या टर्मिनलमध्ये, हे त्यावरूनच कळते. कृपया एका वेळी एकच सेटिंग बदला. (खाली आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपीतली छोटी अक्षरे वापरा.)

अक्षरे बिघडतात

अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आले, तर बहुधा ते अक्षर सर्व्हरवरच गळाले आहे. चालू कोड पेजमध्ये (विंडोज वापरत असलेल्या अक्षरांच्या तक्त्यात) त्याला जागा नव्हती. अशा वेळी तुमच्याकडचा फॉन्ट बदलून काही उपयोग नाही. रिकामा चौकोन आला, तर मजकूर शाबूत आहे, फक्त तुमच्या फॉन्टमध्ये ते चिन्ह नाही. आणि एका अक्षराऐवजी टोपी-टिंबांची दोन-तीन लॅटिन अक्षरे आली, तर सर्व्हर यूटीएफ-८ (सर्व लिपींना चालणारी अक्षरांची संकेतपद्धत) पाठवतो आहे आणि तुमचे टर्मिनल ते जुन्या अक्षरसंचाप्रमाणे वाचते आहे. पुटी हे टर्मिनल वापरत असाल तर विंडो, ट्रान्सलेशन या पानावर यूटीएफ-८ निवडा.

पहिल्या प्रकारात आधी नुसते 'सीएचसीपी' चालवून आलेला आकडा लिहून ठेवा, मग 'सीएचसीपी ६५००१' द्या (६५००१ म्हणजे यूटीएफ-८). हा बदल त्या सेशनपुरताच असतो. काही जुने प्रोग्राम ठरावीक कोड पेज धरूनच लिहिलेले असतात, ते ६५००१ वर उलट जास्त बिघडतात; त्यांच्यासाठी लिहून ठेवलेला आकडा परत द्यावा. पॉवरशेल (विंडोजचा आज्ञा चालवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांनी ही आज्ञा पॉवरशेल सुरू करण्याआधी द्यावी. आत शिरल्यावर दिली, तर पॉवरशेल आधी लक्षात ठेवलेले एन्कोडिंगच वापरत राहते.

रंगांऐवजी चौकटी कंस आणि आकडे

प्रोग्राम रंगाचे संकेत पाठवतो, पण कन्सोलला ते संकेत म्हणून वाचायला सांगत नाही. सर्व्हरवर त्या वापरकर्त्याच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) 'कन्सोल' या कीखाली 'व्हर्च्युअलटर्मिनललेव्हल' नावाची डीवर्ड (आकड्याच्या) प्रकारची नोंद करून तिची किंमत १ ठेवा आणि सेशन नव्याने उघडा.

पूर्ण पडदा वापरणारा एडिटर ओळी विस्कटत असेल तर 'व्हर' चालवून बिल्ड क्रमांक पाहा. टर्मिनल आणि जुन्या कन्सोल प्रोग्रामांमध्ये दुभाष्याचे काम करणारी कॉनपीटीवाय ही सोय बिल्ड १७७६३ पासून, म्हणजे विंडोज १० ची १८०९ आवृत्ती आणि सर्व्हर २०१९ पासून आली. सर्व्हर २०१६ वर पडदा अधूनमधून विस्कटणारच. तिथे सेटिंगमागे वेळ घालवू नका, ते काम रिमोट डेस्कटॉपवरून करा.

बॅकस्पेसने अख्खा शब्द जातो

पॉवरशेलमध्ये हे हमखास घडते. तुमचे टर्मिनल बॅकस्पेससाठी १२७ ऐवजी ८ हा संकेत पाठवते, आणि विंडोज त्याचा अर्थ कंट्रोल-बॅकस्पेस असा लावते. पुटीमध्ये टर्मिनल, कीबोर्ड इथे 'कंट्रोल-?' निवडा.

प्रोग्राम गप्प बसतो

'एसएसएच'ला (दूरच्या सर्व्हरशी जोडणाऱ्या आज्ञेला) सर्व्हरच्या नावापुढे थेट आज्ञा दिली की टर्मिनल जोडले जात नाही, नुसता पाइप (मजकूर वाहून नेणारा मार्ग) मिळतो. पाइप दिसला की बरेच प्रोग्राम आउटपुट साठवून ठेवतात आणि शेवटी एकदम सोडतात. काही प्रश्नच विचारत नाहीत. '-टी' हा पर्याय जोडून टर्मिनल मागून घ्या. पायथनला '-यू' दिले की साठवण थांबते.

मिनटीटी या टर्मिनलच्या खिडकीतही असेच होऊ शकते, कारण विंडोजच्या मूळ प्रोग्रामांना ते टर्मिनल कन्सोल वाटत नाही. आज्ञेआधी 'विनपीटीवाय' (कन्सोल पुरवणारी आज्ञा) लावून पाहा.

पॉवरशेलच्या 'एंटर-पीएससेशन' या आज्ञेने जोडलेल्या सेशनमध्ये मात्र 'डिस्कपार्ट'सारखे (डिस्कचे विभाग करणारा प्रोग्राम) प्रश्नोत्तरांचे प्रोग्राम चालवूच नयेत. तिथे खरा कन्सोल नसतो, त्यामुळे कोणतीही टर्मिनल सेटिंग कामी येत नाही. 'डिस्कपार्ट'च्या आज्ञा एका फाइलमध्ये लिहा, त्यातला डिस्क क्रमांक दोनदा तपासा आणि '/एस' पर्यायाने ती फाइल चालवा.

एवढे करूनही अडले, तर आमच्याशी संपर्क साधताना 'व्हर' आणि 'सीएचसीपी' यांचे आउटपुट, टर्मिनलचे नाव व आवृत्ती आणि पडद्याचे छायाचित्र पाठवा. मजकूर कॉपी करून पाठवू नका. कॉपी करताना बिघडलेली अक्षरे पुन्हा बदलू शकतात.