मोन्ते पेल्लेग्रीनोची चढण

सिसिली बेटाची राजधानी पालेर्मो. शहराच्या उत्तरेला, समुद्राला अगदी भिडून मोन्ते पेल्लेग्रीनो हा चुनखडीचा डोंगर उभा आहे. उंची सुमारे ६०० मीटर. १७८७ साली इथे आलेल्या जर्मन कवी गटेने जगातले सर्वांत सुंदर भूशिर म्हणून त्याचे कौतुक केले. वर मोटाररस्ता जातो, बसही जाते. तरी डोंगर कळतो तो जुन्या फरसबंद वाटेने पायी चढतानाच. ही वाट नागमोडी वर जाते आणि मोटाररस्ता तिला अधूनमधून छेदतो. चढता चढता बंदर, घरांची दाटी, चर्चचे घुमट आणि मागच्या डोंगरांनी वेढलेले कोंका द'ओरोचे मैदान हळूहळू उलगडत जाते.

मात्र या चढणीला निसर्गदर्शनाची सहल म्हणणे अपुरे आहे. ती मुळात नवसाची वाट आहे. १६२४ साली पालेर्मोत प्लेगने थैमान घातले. त्याच वर्षी इथल्या गुहेत अस्थी सापडल्या आणि त्या बाराव्या शतकातील संन्यासिनी रोझालियाच्या मानल्या गेल्या. पुढच्या वर्षी त्यांची शहरातून मिरवणूक निघाली, साथ ओसरली आणि रोझालिया शहराची रक्षणकर्ती ठरली. फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइक त्या साथीच्या काळात पालेर्मोतच होता. त्याने तिची अनेक चित्रे काढली.

गुहेच्या तोंडाशी चर्चची दर्शनी भिंत बांधली आहे. आत मात्र उघडा कातळ. छतातून पाणी सतत झिरपते आणि धातूच्या पन्हळींनी ते गोळा केले जाते. भाविक ते पवित्र मानतात. सोनेरी वस्त्रातील संतेची पहुडलेली संगमरवरी मूर्तीही इथेच आहे.

दरवर्षी ३ सप्टेंबरच्या रात्री हजारो लोक चालत वर येतात. ४ सप्टेंबर हा संतेचा सणाचा दिवस. या रात्रीच्या चढणीला सिसिलियन बोलीत ‘अक्क्यानाता’ म्हणतात. कित्येक जण अनवाणी असतात. यात केवळ कॅथलिक नसतात: पालेर्मोत स्थायिक झालेले श्रीलंकेचे तमिळ हिंदूही रोझालियाला मानतात आणि वर्षभर, विशेषतः रविवारी, गुहेत येतात. परक्या भूमीवर आलेल्यांना या डोंगराने जवळ केले, ही त्याच्या अलीकडच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणावी लागेल.

डोंगराच्या समुद्राकडील उतारावर अद्दाउरा गुहा आहेत. त्यांच्या भिंतींवर अश्मयुगीन माणसांनी मानवी आकृती कोरल्या आहेत. चढणीला वसंत किंवा शरद ऋतू उत्तम, कारण उन्हाळ्यात कातळ फार तापतो. दरडी कोसळल्याने मोटाररस्ता अनेकदा बंद पडला आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करणे आवश्यक ठरते.